दुसरी तार

मिरजेत आमचं माइक-लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. लग्नाच्या मांडवात माइकपासून अॅम्प्लिफायरपर्यंत शंभर-दीडशे फूट केबल पसरायची आणि तिच्या शेजारूनच रोषणाईच्या तारा जायच्या. त्यांची ५० हर्ट्झची घूं आत शिरते, म्हणून अब्बा तीन पिनांची केबल वापरत. आत दोन तारा, वर जाळी. आवाज एका तारेतून सुलटा येतो, दुसरीतून उलटा. घूं मात्र दोन्हींत सारखीच शिरते. अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी दोन्हींतला फरक तेवढा घेतला की घूं गळून पडते, आवाज राहतो. अब्बा म्हणत, "दोनो तार में सरीखा आया सो कचरा, उल्टा आया सो माल." पिनेपाशी एक तार तुटली की आवाज बसायचा आणि घूं सुरू व्हायची. दहाव्या वर्षी मी ती पिन सोल्डर करायला शिकलो होतो.

हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने २००९ साली पुण्यातल्या एका कंपनीत काय केलं ते सांगतो.

काम डिफरन्शियल अॅम्प्लिफायरचं होतं. हिशेब अब्बांचाच, फक्त फ्रिक्वेन्सी शेकडो मेगाहर्ट्झची. दोन तारा आत, दोन बाहेर. बोर्ड बनवण्याआधी संगणकावर सिम्युलेशन करायचं. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला टोकं मोकळी सोडून किंवा शॉर्ट करून मोजमाप करता येत नाही. अॅम्प्लिफायर स्वतःच बोंबलू लागतो. म्हणून प्रत्येक पोर्टला ५० ओहमचा भार लावून लाटा मोजतात. या दारातून लाट सोडली, तर किती परत आली आणि किती पलीकडच्या दाराने निघाली? तेच एस-पॅरामीटर. या लाटांचं गणित कुरोकावा यांनी १९६५ च्या लेखात मांडलं. दोन पोर्टांना चार आकडे, चार पोर्टांना सोळा, आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीला नव्याने.

आमच्याकडचा नेटवर्क अॅनालायझर दोन पोर्टांचा होता. मी एक इनपुट आणि एक आउटपुट जोडलं, उरलेल्या दोन पोर्टांवर ५० ओहम लावले आणि चार आकड्यांची फाइल काढली. मग डोकं चालवलं. दोन्ही अर्धी सारखीच असणार ना! तीच फाइल दोनदा, एकीखाली एक ठेवली. झाला डिफरन्शियल अॅम्प्लिफायर. डेटाशीट १६ डेसिबल म्हणत होती, सिम्युलेशन १०. मी ठरवून टाकलं की चिप बनवणाऱ्यांनी फुगवून लिहिलंय. कमी पडलेल्या ६ डेसिबलसाठी पुढे आणखी एक टप्पा जोडला आणि बोर्ड छापायला पाठवला.

बोर्ड आला. सिग्नल हवा त्याच्या दुप्पट. पुढच्या डिजिटल कन्व्हर्टरला तो झेपेना, लाटेचे शेंडे सपाट कापले गेले. (याची सूचना सिम्युलेशन देणारच नव्हतं. एस-पॅरामीटर लहान सिग्नलपुरते खरे.) दीड महिना गेला, ग्राहकाला दिलेली तारीख चुकली.

आमच्या मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्या इनपुटला दिलेला सिग्नल दुसऱ्या आउटपुटवर किती आला?"

मोजलाच नव्हता. मोजला तर जवळजवळ तितकाच, पण उलटा. एका इनपुटचं निम्मं काम शेजारच्या आउटपुटवर होत होतं आणि ते निम्मं मी फाइलबाहेरच ठेवलं होतं. व्होल्टेज निम्मं म्हणजे ६ डेसिबल कमी. डेटाशीट खरी होती.

पण लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्या सिम्युलेशनमधली दोन अर्धी एकमेकांना ओळखतच नव्हती. दोन्ही तारांत सारखाच सिग्नल सोडला असता, तर तोही १० डेसिबलने वाढून बाहेर आला असता. कचरा आणि माल एकाच भावात. ती एक तपासणी करायला पाच मिनिटं लागली असती.

मग चारही पोर्टांच्या सहा जोड्या मोजल्या आणि सोळा आकडे जमवले. त्यातही एक दिवस गेला, कारण दोन पोर्टांच्या फाइलमध्ये एस२१ हा एस१२ च्या आधी येतो आणि चार पोर्टांच्या फाइलमध्ये आकडे सरळ ओळीने लिहितात. हा घोळ कुणी घालून ठेवला देव जाणे. अशा आकड्यांची 'उलटा' आणि 'सरीखा' अशी वेगळी मांडणी करण्याची रीत बॉकलमन आणि आयझेनस्टॅट यांनी १९९५ मध्ये दिली होती. इनपुटकडून आउटपुटकडे जाणारे चार आकडे घ्यायचे, दोन सरळ, दोन तिरपे. सरळ मिळवायचे, तिरपे वजा करायचे, उत्तर निम्मं करायचं. ही उलट्याची वाढ. चारही मिळवून निम्मे केले की सरीख्याची. उलटा १६ च्या आसपास आला. सरीखा जेमतेम उरला होता.

त्या रात्री अब्बांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तार टूट्या था क्या?"

"नै अब्बा, मैंने जोड्याच नै था."

"पैसा किसका गया?"

"कंपनी का."

त्यावर ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या धंद्यात लग्नात घूं झाली की भाडं कापलं जायचं.