पंचनाम्याबाहेरचं

शेत संपादनात गेलं की आधी त्याची यादी होते. आंबे किती, विहीर बांधीव की कच्ची, पाइपलाइन किती फूट. फळझाडांची किंमत कृषी खातं काढतं, लाकडी झाडांची वन खातं, भिंती-छपरांची बांधकाम खातं. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्याला या याद्या नव्या नाहीत. पैनगंगेवर इसापूर धरणाची भिंत उभी राहिली, मग तिचा कालवा आला, मग अकोल्याहून हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा करत नांदेडला जाणारा महामार्ग रुंद झाला. त्या रकान्यांत जे बसलं नाही, तेवढंच इथे लिहून ठेवतो.

शेतांची नावं. चिंचेचं, मसणवट्याचं, खालचं काळं, वाण्याचं. सात-बाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे. कितीतरी उताऱ्यांवर तो कोराच असतो. संपादनानंतर कमी-जास्त पत्रक होतं, गट फुटतो, नंबरापुढे तिरकी रेघ आणि नवा आकडा येतो. चिंचेचं शेत म्हणजे कोणतं, हे सांगणारा माणूस असेतोवर नाव राहतं.

धुरा. त्यावर बोरी, हिवर, घायपात. त्यावरून दोन भावांची वीतभर जागेसाठी कोर्टकचेरी. आणि त्याच धुऱ्यावर दुपारी दोघांच्या बायका एका फडक्यातली भाकर खातात. मोजणीच्या नकाशात धुरा म्हणजे जाडी नसलेली रेघ.

साखळी. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यालाही कड्या मोजता येत, आणि साखळी ढिली धरली तर तो ओरडून सांगे. आता संयुक्त मोजणीला यंत्र येतं. ते जास्त अचूक आहे, यात शंका नाही. पण पडद्यावरच्या आकड्याशी भांडायला शेतकऱ्याच्या हातात स्वतःचं माप उरलं नाही.

पांदण. ती कोणाच्या एकट्याच्या नावावर नसते, म्हणून तिचा मोबदला कोणालाच मिळत नाही. ती तुटली की आतल्या वीस शेतांची वाट तुटते.

म्हसोबा. देवळाला छप्पर असेल तर बांधकामाची किंमत निघते. शेंदूर फासलेल्या दगडाची निघत नाही. विहिरीवरच्या आसरांचीही नाही.

दवंडी. कोतवाल यायचा, चावडीपुढे ओरडायचा, नोटीस डकवायचा.

'अंडर प्रोटेस्ट'. शब्द इंग्रजी, पण बुडीत गावांतल्या अक्षरशत्रू म्हाताऱ्यांनाही त्याची किंमत ठाऊक. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला उचलताना 'हक्क राखून घेतला' अशी नोंद केली, तरच कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाता येई. निवाड्याच्या वेळी जो हजर, त्याला मुदत सहा आठवडे. ज्याने अंगठा उठवून पैसे घेतले आणि एवढे शब्द लिहून घेतले नाहीत, त्याचं भांडण त्या टेबलावरच मिटलं. पुढे धुऱ्यापलीकडच्या त्याच मातीला कोर्टाने दुप्पट दर दिला तरी याला काही नाही. १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ आलं. त्याच अधिसूचनेतल्या एखाद्याला न्यायालयाने दर वाढवून दिला, तर मागे राहिलेल्यांना तीन महिन्यांत अर्ज करून तोच दर मागता येऊ लागला. चांगली तरतूद होती. पण ज्याचं गाव उठलं, घर दुसऱ्या माळावर बसलं, त्याला जुन्या शेजाऱ्याचा निकाल कळायलाच तीन महिने लागत. जिल्ह्याचं ठाणं तेव्हा परभणी. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. कलम २८-अ मुळे किती घरं सावरली आणि किती घरांना ते वेळेत कळलंच नाही, हा हिशेब कोणीतरी गावोगाव बसून करायला हवा होता. ते करता येण्याजोगी माणसं आता थोडी उरली आहेत.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातही हक्क राखून पैसे घेण्याची सोय आहे. पण हल्ली जमीन पुष्कळदा सरळ खरेदीने घेतात. वाटाघाटीचा दर, वर पंचवीस टक्के जास्त, आणि निबंधकापुढे खरेदीखत. पैसे लवकर मिळतात, जास्त मिळतात, म्हणून लोक सही करतात. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. मात्र खरेदीखतावर 'हक्क राखून' लिहायला जागा नसते. विकणारा राजीखुशीने विकतो, असंच त्यावर छापलेलं असतं.

दिलासा रक्कम. जमीन सक्तीने जाते म्हणून किमतीवर द्यायची भर. आधी पंधरा टक्के, १९८४ नंतर तीस, आता शंभर. आकडा वाढला तो योग्यच झाला. इसापूरखाली गेलेल्यांना शंभरचा आकडा लागू नाही.

खरा भाव. जमिनीची किंमत आजूबाजूच्या खरेदीखतांवरून ठरते, आणि मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतांत भाव कमी लिहिण्याची रीत होती. बापाने वाचवलेले पैसे मुलाच्या निवाड्यात कैक पटीने गेले.

मालमत्तेचा मूलभूत हक्क. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती. अनुच्छेद ३१ गेला, ३००-अ आला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढं आश्वासन उरलं. इसापूरची सत्तावन्न मीटर उंच, चार किलोमीटरहून लांब मातीची भिंत उठत होती तीच ही वर्षं. कूळकायदा आणि सीलिंगच्या आड मोठे जमीनदार हाच हक्क पुढे करून उभे राहत, म्हणून तो काढण्याला कारण होतं, हे मी मानतो. पण गेला तेव्हा चार एकरवाल्याचाही गेला, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

गावातली सुनावणी. ही येऊन लगेच निघाली. प्रकल्पाने गावाचं काय होईल याची आधी तपासणी करायची आणि ती गावापुढे मांडायची, हे २०१३ च्या कायद्याने आणलं. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. २०१८ मध्ये महाराष्ट्राने त्यात कलम १०५-अ घातलं आणि राज्याचे चार कायदे त्यातून वगळले. त्यांत महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या अधिसूचना त्याखालीच निघाल्या. पवनार ते पत्रादेवी, तेव्हाच्या आखणीत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, त्यांत हिंगोली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपये मंजूर केले. हरकत लेखी देता येते. चावडीत सगळ्यांसमोर उभं राहून, कालव्याच्या वेळी काय झालं होतं ते सांगून, ती बोलता येत नाही. माझ्या मते या यादीतलं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

आखाडा. शेतातलं बिऱ्हाड, बैलांचा गोठा, कडब्याची गंज, चूल. पत्र्यांची किंमत मिळते.

सालगडी. त्याचं साल पाडव्याला बदलतं. सहा पाडवे एकाच आखाड्यावर काढले तरी उताऱ्यावर त्याचं नाव येत नाही. २०१३ च्या कायद्याने तीन वर्षं त्या भागात राबणाऱ्या भूमिहीनाला 'बाधित कुटुंबा'च्या व्याख्येत घेतलं, हे मोठं पाऊल होतं. पण ताबा दिल्याच्या दिवशी मालकाच्या हातात निवाड्याची प्रत असते, आणि सालगडी बैल सोडत असतो.

कयाधूचा काठ. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पात धरणं दोन ठरली होती, एक इसापूरचं, दुसरं कयाधूवर सापळीला. लोकांनी ते होऊ दिलं नाही. तिथली नावं, धुरे, म्हसोबे जागेवर आहेत. यादीत हे मुद्दाम लिहिलं.

उरलेला तुकडा. रस्ता शेतातून तिरका जातो आणि पलीकडे तीन गुंठे राहतात. शेत तुटल्याचं नुकसान कायद्याला मान्य आहे, त्याचे पैसे मागता येतात. तीन गुंठ्यांत तिफण वळत नाही. वारंग्याकडे जाताना अशा एका तिकोनी तुकड्यात खुरप्याने टोबून लावलेल्या तुरीच्या चार ओळी दिसल्या. फुलावर आल्या होत्या.