सिवनीचे वन आणि मोगलीच्या दोन माता

नागपूरहून जबलपूरकडे निघालेला राजमार्ग मनसर मागे टाकतो, रामटेकची टेकडी उजव्या हाताला ठेवतो आणि देवलापारच्या पुढे सागाच्या वनात शिरतो. हा मार्ग चौपदरी करावयाचे ठरले तेव्हा मोठा वाद माजला होता. रस्ता रुंदावला तर वनाचे दोन तुकडे होतील व श्वापदांचे येणेजाणे खुंटेल, असे वन्यजीवांच्या अभ्यासकांचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले, कित्येक वर्षे काम अडून राहिले, आणि अखेरीस महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ताच खांबांवर उचलून घेण्यात आला. त्यांपैकी सर्वांत लांब पूल सुमारे 750 मीटरांचा आहे. वरून मालमोटारी धावतात आणि खालून चितळ, रानडुकरे, प्रसंगी वाघसुद्धा या बाजूचे त्या बाजूला जातात. खाली बसविलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांची चित्रे टिपली आहेत. वाट तोडणे अटळच असेल तर निदान खालून जावयास जागा ठेवावी, एवढी बुद्धी माणसाला या एका ठिकाणी तरी सुचली, याचे आम्हांला समाधान वाटले.

खवासा गावाशी महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेशातील सिवनी जिल्हा लागतो. एकेकाळी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. खवाशाहून डावीकडे आत गेले की तुरिया हे गाव येते. वनात शिरण्याचे एक मोठे प्रवेशद्वार तेथे असल्याने आज प्रवासी मंडळींना तेवढेच ठाऊक असते. परंतु 9 ऑक्टोबर 1930 रोजी याच तुरियात जंगल सत्याग्रह झाला होता व गोळीबारात तीन स्त्रिया आणि एक पुरुष असे चौघेजण प्राणास मुकले होते. उघड्या मोटारीत बसून वाघ पाहावयास धावणाऱ्यांनी त्यांच्या स्मारकापाशी दोन मिनिटे थांबण्यास हरकत नाही.

आमचे तेथे जाण्याचे कारण मात्र निराळे होते. रुडयार्ड किपलिंगच्या मोगलीचे वन ते हेच. पुस्तकात त्याने सिवनीच्या टेकड्या व वैनगंगा नदी यांची नावे स्पष्ट घातली आहेत. गंमत अशी की, हे पुस्तक त्याने लिहिले अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात, बर्फाने वेढलेल्या घरात बसून. सिवनीची माहिती त्याला मिळाली ती मुख्यतः दुसऱ्यांच्या लेखनातून. स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याने सातपुड्यातील मुक्कामांविषयी 1877 साली ग्रंथ प्रसिद्ध केला होता, त्याचा त्याला मोठा उपयोग झाला. ‘जंगल बुक’चा पहिला भाग 1894 साली व दुसरा 1895 साली निघाला.

तथापि आमच्या वयाच्या पुष्कळांची मोगलीशी पहिली भेट पुस्तकातून झालेली नाही. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने 1989 साली या कथेवर 52 भागांची कार्टून मालिका काढली. ती हिंदीत होऊन 1993 साली दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! रविवारी सकाळची ती वेळ. मिस्सा आटोपली की आमच्या वाडीतील मुले दूरदर्शन संच असलेल्या एकुलत्या एका घराकडे अशी धूम ठोकीत की, वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावीत. त्या मालिकेत किची नावाचे तांबडे पांडा जातीचे एक गोंडस पिल्लू होते. किपलिंगच्या पुस्तकात ते नाही, आणि सातपुड्यात तर असणे शक्यच नाही, कारण तो प्राणी हिमालयातला. पण आम्हां मुलांना भूगोलाची चिंता कोठे होती?

गेल्या नाताळच्या सुटीत नागपूरचे एक गृहस्थ आम्हांला आपल्या मोटारीतून या वनात घेऊन गेले. ते मूळचे आमच्याच धर्मग्रामातले. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा बरोबर होता. पतिपत्नी दोन वर्षांहून अधिक काळ वेगळी राहतात. मुलगा शाळेसाठी आईजवळ छिंदवाड्यास असतो आणि सुटीत वडिलांकडे येतो. सिवनी व छिंदवाडा या दोन जिल्ह्यांची हद्द काही अंतरापर्यंत पेंच नदीच आहे, तेव्हा पोराची आई तशी त्याच नदीपलीकडच्या जिल्ह्यात होती. गृहस्थांनी निघण्यापूर्वीच आम्हांला एकीकडे घेऊन सांगितले, “फादर, तो तुमचं ऐकतो. माझ्याकडे राहायला तयार होईल असं तुम्हीच त्याला समजावा. शाळेचं मी बघतो.” आम्ही होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

रात्री तुरियाजवळच्या मुक्कामी थंडी मी म्हणत होती. मुलाने वडिलांच्या मोबाइलवर ती जुनी मालिका लावली आणि आम्ही तिघे एकाच रजईत पाय घालून ती पाहात बसलो. तीस वर्षांनंतर पाहताना चित्रे थोडी साधी वाटली. जे मात्र तेव्हा मुळीच लक्षात आले नव्हते ते आता डोळ्यांत भरले. लहानपणी आमचे सारे लक्ष शेरखानच्या डरकाळीकडे व बघीराच्या उडीकडे. आता पाहतो तो ही सगळी कथा एका मुलाला कोणी ठेवून घ्यावे, याचीच आहे. पहिल्या प्रसंगापासून त्याच्यासाठी सभा भरते, बाजू घेतल्या जातात, साक्षी निघतात.

किपलिंगला हे कोठून कळले असावे? त्याचा जन्म 30 डिसेंबर 1865 रोजी मुंबईस झाला. वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. 1871 साली, पुरा सहा वर्षांचाही नसताना, तीन वर्षांच्या बहिणीसह त्याला इंग्लंडात साउथसी येथे एका परक्या कुटुंबात ठेवून आईबाप हिंदुस्थानात परतले. त्या काळच्या इंग्रज घराण्यांत ही रीतच होती. त्या आईबापांत वितुष्ट नव्हते, घटस्फोट तर नव्हताच. परंतु आपण जातो आहोत हे त्यांनी मुलांना सांगितले नाही, असे त्या बहिणीने पुढे लिहून ठेवले. त्या घरची बाई कठोर होती आणि मुलाच्या वाट्याला मारहाण आली. 1877 साली आई परत आली. रात्री निजण्याच्या वेळी ती मुका घ्यावयास वाकली, तेव्हा मार चुकविण्याच्या सवयीने पोराने झटकन हात आडवा धरला. त्याच्या आत्मचरित्रात हा प्रसंग आहे. ज्याच्या लेखणीतून मोगली उतरला, त्याची ही सहा वर्षे होती.

सकाळी वनात गेलो. सागाची पाने दवाने जड झाली होती. मोह, तेंदू, आणि मधूनच पांढऱ्याफटक सालीचा कांडोळ. इकडे त्यास कुल्लू म्हणतात. चितळांचे कळप तर इतके की, थोड्या वेळाने कोणी मान वळवून पाहीनासे होते. वाघ दिसला नाही. वाटाड्याने त्याची भरपाई गोष्टींनी केली. येथे गळ्यात पट्टा असलेली एक वाघीण होती, सारे तिला कॉलरवाली म्हणत. तिने आठ वेळा मिळून 29 बछड्यांना जन्म दिला. जानेवारी 2022 मध्ये ती वारली तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनी तिला फुले वाहून अग्नी दिला. मुलाने विचारले, “एवढ्या पिलांना ती एकटीच वाढवायची? आणि त्यांचे पप्पा?” वाटाड्या म्हणाला, वाघिणीची रीतच तशी. सुमारे दोन वर्षे पिलांना तीच सांभाळते, शिकार शिकविते. वाघ आपल्या हद्दीत फिरत असतो. लांडग्याचे तसे नाही, तेथे नरमादी जोडीने राहतात आणि पिलांना दोघेही भरवितात.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे वाघ येऊन बघून जात असेल.” त्याच्या वडिलांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर पाहण्यासारखे काही नव्हते.

दुपारी ओसरीवर बसून त्या गृहस्थांनी आपला मुख्य प्रश्न काढला. आमच्या वाचकांनाही तो पडत असेल, म्हणून येथे थोडे सांगतो. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा 1869 सालचा. त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे असे, पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा अन्याय 2001 च्या दुरुस्तीने दूर झाला व उभयतांच्या संमतीने वेगळे होण्याची तरतूदही आली. ख्रिस्तसभेचा विचार अर्थातच भिन्न. विवाह मोडता येतो असे ती मानत नाही. तो मुळातच वैध नव्हता काय, याची मात्र तिची न्यायालये चौकशी करतात आणि 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी ती पद्धत बरीच सुटसुटीत केली. “पण फादर, लग्नच झालं नव्हतं असं ठरलं तर पोरगा कोणाचा म्हणायचा?” हे विचारताना त्यांचा आवाज बदलला. गावोगावी ही समजूत घट्ट बसलेली आम्ही पाहतो. ती खोटी आहे. अशा घोषणेने मुले अनौरस ठरत नाहीत, धर्मसभेच्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. कित्येक आया केवळ या भीतीने वर्षानुवर्षे गप्प बसतात.

मुलाची समजूत घालण्याविषयी त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा आम्ही त्यांना पुस्तकातील एक गोष्ट सांगितली. मोगलीला आई दोन. एक लांडगीण राक्षा, जिने त्याला दूध पाजले, आणि दुसरी गावातली मेसुआ, जिला वाघाने नेलेले आपले पोर त्याच्यात दिसले. लांडग्यांची सभा त्याला म्हणते, तू माणूस, चालता हो. गाव म्हणते, तू लांडगा, चालता हो, आणि दगड मारते. बाजू निवड असा हट्ट सभा धरते, पंच धरतात, गप्पा मारणारा शिकारी बलदेव धरतो. दोन आयांपैकी एकीनेही तो धरलेला नाही. पुढे मेसुआवर संकट येते. तिला व तिच्या नवऱ्याला रातोरात कान्हीवाड्याकडे पळावे लागते. त्या रात्री राक्षा मोगलीच्या मागोमाग गावाच्या कडेपर्यंत येते. ज्या बाईने आपल्या पोराला दूध दिले तिला एकदा पाहावे, एवढीच तिची इच्छा. ती गवतात दडून पाहते आणि मेसुआ वाटेला लागली की लांबवर कोल्हेकुई नव्हे, चांगली लांडग्याची साद घालीत तिची पाठराखण करते. नवरा त्या आवाजाने दचकतो. वाट सुरक्षित असल्याची ती द्वाही होती, हे त्याला काय ठाऊक!

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “कान्हीवाडा खरंच आहे का?”

आहे. सिवनीच्या पूर्वेकडे, छिंदवाडा-नैनपूर लोहमार्गावरचे ते एक लहानसे गाव. दुसऱ्या दिवशी सिवनी शहर ओलांडून आम्ही तिकडे गेलो. पाहण्यासारखे असे तेथे काही नाही. शेते, बाजार, चहाची टपरी. वैनगंगेचा मात्र या मुलखात मोठा विलक्षण फेरा आहे. सिवनीच्या दक्षिणेस मुंडारा येथे उगम पावून ती प्रथम उत्तरेकडे चालू लागते, छपाऱ्याच्या पुढे वळसा घेते आणि जणू काही विसरल्याप्रमाणे परत दक्षिणेला येऊन बालाघाटावरून भंडाऱ्याकडे, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात उतरते.

टपरीवर बसलो असता छिंदवाड्याहून फोन आला. दोन दिवस तो उचलला गेला नव्हता, हे आम्ही पाहिले होते. या वेळी गृहस्थांनी स्वतःच तो घेतला आणि काही न बोलता मुलाच्या हाती दिला. मुलगा भडाभडा सांगत सुटला: वाघ दिसला नाही, गवा दिसला, कॉलरवालीला एकोणतीस बछडे होते. मग तो थांबला व वडिलांकडे पाहून म्हणाला, “आई विचारते, स्वेटर घातलास का?”

“आणलाय म्हणून सांग,” ते म्हणाले आणि मोटारीतून तो काढावयास उठले.