तेजोमेघाची खतावणी

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला पहिले वर्षभर एकच प्रश्न विचारला जातो : "आता वेळ कसा घालवता?" आपल्या व्यापारी घरांत या प्रश्नाला एक पुरवणी असते : "आणि त्यातून मिळते काय?" पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर सोपे आहे. पुण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मी तेजोमेघांची छायाचित्रे घेतो. दुसऱ्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधल्या अवकाशात पसरलेला वायू आणि धूळ. मृग नक्षत्रातील तेजोमेघ अंधाऱ्या जागेवरून साध्या डोळ्यांनाही पुसट डागासारखा दिसतो. तो सुमारे 1,340 प्रकाशवर्षे दूर आहे. गेले दोन हिवाळे मी ज्याच्या मागे होतो, तो मृगाच्या पूर्वेस असलेला, गुलाबासारखा भासणारा 'रोझेट' तेजोमेघ. त्याचे अंतर सुमारे 5,000 प्रकाशवर्षे. आकाशात तो पूर्णचंद्राच्या दुपटीहून अधिक रुंद आहे, तरीही डोळ्यांना दिसत नाही. कारण तो अतिशय मंद आणि शहराचे आकाश अतिशय उजळ.

या अडचणीवर उपाय आहे तो नॅरोबँड फिल्टरचा. आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. रस्त्यावरचे एलईडी दिवे या बहुतेक पट्ट्यात प्रकाश सांडतात. तेजोमेघातला वायू मात्र काटकसरी आहे. हायड्रोजन 656.3 नॅनोमीटरला, ऑक्सिजन 500.7 ला आणि गंधक 671.6 व 673.1 ला, अशा ठरलेल्या रेषांतच तो मुख्यतः प्रकाशतो. तेवढ्याच रेषेभोवतीचा तीन ते सात नॅनोमीटरचा अरुंद पट्टा आत सोडायचा आणि बाकीचा प्रकाश दारातच अडवायचा, हे या फिल्टरचे काम. शहराचा बहुतेक उजेड बाहेर राहतो आणि तेजोमेघाचा निरोप आत येतो.

यातल्या ऑक्सिजनच्या रेषेचा इतिहास आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. विल्यम हगिन्स हे लंडनचे गृहस्थ घराण्याचा कापडाचा व्यवसाय सांभाळत असत. तो विकून त्यांनी राहत्या घरी वेधशाळा उभारली. 1864 मध्ये त्यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा अखंड पट्टा न दिसता तेथे मोजक्या तेजस्वी रेषा होत्या. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नसून वायू होता. त्यातल्या हिरव्या रेषा मात्र कोणत्याही परिचित मूलद्रव्याशी जुळेनात. पुढे त्यांच्यासाठी 'नेब्युलियम' नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले. 1927 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवले की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजनच आहे. तेजोमेघातला वायू इतका विरळ असतो की तेथील अणू फार क्वचित एकमेकांवर आदळतात, म्हणून हा प्रकाश तेथे बाहेर पडू शकतो; पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत ती शांतता मिळत नाही. 63 वर्षे उचंत खात्यात पडून राहिलेली रक्कम अखेर योग्य खात्यावर जमा झाली.

प्रत्यक्ष काम हे हिशेबनिसाच्या कामासारखे, संथ आणि पुनरावृत्तीचे. पावसाळ्याचे चार महिने आकाश बंदच असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा रोझेटचा हंगाम. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर दिसतो. त्याच्या आधाराने दुर्बिणीच्या बैठकीचा अक्ष जुळवावा लागतो. मग मोटार दुर्बिणीला ताऱ्यांच्या गतीने, तासाला पंधरा अंश, फिरवत राहते. कॅमेरा कृष्णधवल असतो आणि त्याची संवेदक चकती शून्याखाली दहा अंशांपर्यंत थंड केलेली असते. एकेक छायाचित्र पाच मिनिटांचे. प्रत्येक फिल्टरमधून अशी 72 छायाचित्रे, म्हणजे सहा तास. तिन्ही मिळून अठरा तास. ढग, धुके आणि शेजारच्या मंगल कार्यालयातले दिवे वजा जाता त्यासाठी बऱ्याच रात्री लागतात.

इतकी छायाचित्रे कशासाठी? एकेका छायाचित्रात तेजोमेघाच्या प्रकाशाबरोबर विजेचा आणि आकाशाचा गोंगाटही नोंदला जातो. अनेक छायाचित्रांची सरासरी काढली की गोंगाट एकमेकांना खोडतो आणि खरा संकेत टिकतो. पण त्याचा भाव वर्गमुळाने ठरतो. दुप्पट स्वच्छ चित्र हवे असेल तर चौपट वेळ द्यावा लागतो. माझ्या 72 छायाचित्रांनी स्वच्छता सुमारे साडेआठ पट वाढते. चक्रवाढ व्याजाच्या उलट असा हा व्यवहार आहे. येथे धीराला दर दिवसागणिक कमी परतावा मिळतो, तरी धीर सोडून चालत नाही.

चित्र तयार झाले तेव्हा माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, ते नव्या दुकानात लावण्यासाठी मोठ्या आकारात मागितले. सोनेरी पाकळ्या आणि मध्ये निळसर पोकळी असे ते रूप होते. पैसे देण्याआधी कापड बोटांत धरून पाहण्याची त्यांची सवय. त्यांनी विचारले, "हे रंग तुझ्या डोळ्यांनी पाहिलेस का?"

"नाही, अण्णा."

"मग हे खरे कसे? आपल्या दुकानात खोटा माल लागत नाही."

मला हा प्रश्न अतिशय योग्य वाटला. चौतीस वर्षे मी इतरांचे ताळेबंद तपासले. मार्चअखेरीचे विंडो ड्रेसिंग मला दुरून ओळखता येते. म्हणून अण्णांना मी खतावणीच्या भाषेत सांगितले. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही डोळ्यांना तांबडेच दिसणार. एका रंगात मांडले तर दोन खात्यांची रक्कम एकत्र होऊन कोणाची किती ते कळणार नाही. म्हणून गंधकाला तांबडे, हायड्रोजनला हिरवे आणि ऑक्सिजनला निळे खाते दिले. हबल दुर्बिणीच्या 1995 मधील गरुड तेजोमेघाच्या प्रसिद्ध चित्रातही हीच वाटणी आहे. रंग ही खात्याची नावे आहेत; जमा झालेला प्रकाश खरा आहे. रोझेटच्या मध्यभागी निळे अधिक आहे, कारण तेथील तरुण, तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी ऑक्सिजन उजळला आहे.

मात्र त्याबरोबर मी मर्यादाही सांगितली. गंधक आणि ऑक्सिजनचा प्रकाश हायड्रोजनपेक्षा क्षीण असल्याने तो अधिक ताणून दाखवावा लागतो. त्यामुळे चित्र पाहून कोणता वायू किती, याची तुलना करता येत नाही. आज अशी सॉफ्टवेअरही मिळतात, जी क्षणात तारे पुसतात आणि धूसर कडा धारदार करतात. त्यांपैकी काही मीही वापरतो. परंतु जी कडा मूळ 72 छायाचित्रांच्या सरासरीत नाही, ती अंतिम चित्रात ठेवायची नाही, हा माझा नियम. व्हाउचर नाही, तर नोंद नाही.

अण्णांनी चित्र घेतले, एका अटीवर : कोणत्या वायूला कोणता रंग दिला ते खाली लिहायचे. आता ते लिहिलेले आहे आणि ग्राहक वाचतात.

हौशी माणसाच्या अशा प्रामाणिक नोंदीला केवढे मोल येऊ शकते, याचा दाखला ताजा आहे. देवयानी दीर्घिका ही आकाशातील सर्वाधिक छायाचित्रित वस्तूंपैकी एक. 2022 मध्ये यान सेंटी, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या हौशी निरीक्षकांना ऑक्सिजनच्या फिल्टरमधून तिच्याशेजारी एक विशाल निळी कमान आढळली. शंभराहून अधिक तासांच्या प्रकाशनोंदीतून तिचे चित्र उभे राहिले. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांबरोबर तो शोध 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या वेळा तपासलेल्या पानावरही एक नोंद वाचायची राहिली होती.

तर, त्यातून मिळते काय? पैसा नाही, उलट जातोच. मिळते ती आपण जे दाखवतो त्याचा पुरावा देता येण्याची शांती. आपल्या घरातील मुलांना आकाशाची ओढ असेल तर लगेच महागडी दुर्बीण घेऊ नका. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था कार्यरत आहे. अशा मंडळांच्या आकाशदर्शनाला प्रथम पाठवा. साध्या द्विनेत्रीतून मृगाचा तेजोमेघ दाखवा. आणि मुलाने "हे खरे आहे का?" असे विचारले, तर त्याचे कौतुक करा. व्यापाराला आणि विज्ञानाला, दोहोंना तोच प्रश्न लागतो.