विहिरीत निघालेल्या दगडांचे मोल

विहिरीचे काम चालू असताना काळा पाषाण संपून मांजऱ्या खडक लागला की आपले सर्वांचे डोळे पाण्याकडे लागतात. पण कधी कधी पाण्याच्या आधी खडकात एखादी पोकळी उघडते. आत टोकदार, चकाकणारे खडे दाटीने बसलेले असतात. कुठे दुधासारखे पांढरे, कुठे फिकट हिरवे, कुठे पिकल्या पेरूच्या गराच्या रंगाचे. खोदणारे त्यांना गारा म्हणतात, पोरे खेळायला नेतात, उरलेल्या बांधावर पडतात. ‘साहेब, ह्याला काही किंमत आहे का हो?’ असे मला गावोगाव विचारले जाते. म्हणून आज बियाणे-खते बाजूला ठेवून दगडांविषयी लिहितो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या मुलखावर तप्त लाव्ह्याचे थरावर थर पसरले. तो रस थिजताना त्यातील वायूमुळे, अनारशाला जाळी पडते तशी, खडकाला छिद्रे पडली. पुढे त्यांत गरम पाणी झिरपले आणि पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक भिंतींवर बसत गेले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट ही त्यांची नावे. नावे परकी, पण माल आपला. भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला (तो मार्ग १८६३ साली सुरू झाला), तेव्हा निघालेले नमुने विलायतेला गेले. पुण्याच्या पाषाण भागातील हिरवा अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींतील गर्द निळा कॅव्हॅनसाइट जगभरचे संग्राहक आजही शोधत असतात. वाघोलीसारखा कॅव्हॅनसाइट दुसरीकडे मिळत नाही, असे म्हटले तरी चालेल.

मी भाईंदर पूर्वेला इंद्रलोक वस्तीत राहतो. नाव इंद्राच्या दरबाराचे, पण ह्या भाईंदरची जुनी खनिज संपत्ती म्हणजे मिठागरातले मीठ! मीठही स्फटिकच आहे, पण ते गोणीवर विकले जाते. एक खडा दुसऱ्याहून मोलाचा नसतो. विहिरीतल्या खड्याचा हिशेब अगदी उलटा. तो ह्यांत नाही त्यांत नाही असा माल आहे. सोन्यासारखी त्याला अंगची किंमत नाही, आणि तो मऊ असल्याने अंगठीतही बसत नाही. घेणारा पाहतो तो एकेक नमुना: स्फटिकाची टोके शाबूत आहेत का, चकाकी कशी आहे, रंग कसा आहे, मूळ खडकावर तो उभा आहे का, आणि तो नेमका कुठे सापडला. टोक तुटलेला टोपलीभर माल एका अभंग तुकड्याची बरोबरी करीत नाही.

सिन्नरकडच्या एका नानांच्या विहिरीत चाळीस फुटांवर अशी पोकळी लागली. नानांनी पहारीने सगळे खडे उचकटले, पोते भरले, घरी आणून तारेच्या ब्रशने घासून लख्ख केले. आठ दिवसांनी एक दलाल आला, त्याने पोते उलटे केले, उकिरड्याकडेला पडलेला एक खडक तेवढा उचलला. त्यावर हिरव्या खड्यांचा न दुखावलेला झुबका होता. बाकीच्या पोत्याला त्याने हातही लावला नाही. ‘अहो साहेब, घासलेले सोडून मळलेला नेला!’ असे नाना मला नवलाने सांगत होते. त्यांना मिळाले ते चहापाण्याला पुरेल इतके. दलालाने पुढे काय घेतले ते तोच जाणे.

तेव्हा पोकळी लागली तर घाई करू नये. खडकासकट मोठा तुकडा काढावा, भुशात किंवा चिंध्यांत गुंडाळावा. साध्या पाण्यापलीकडे काही लावू नये. अ‍ॅसिडाने कित्येक खड्यांची चकाकी जाते. आणि सुरुंग उडाल्यावर खड्यांच्या मोहाने लगेच विहिरीत उतरू नये. सैल झालेली दरड आणि न उडालेली तोट दोन्ही जिवावर बेततात. कुठलाही खडा माणसाच्या जिवाइतका महाग नाही.

आपल्या शेतात निघाले म्हणजे आपलेच, असेही सरसकट समजू नका. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ मध्ये जमिनीतील खनिजांवर राज्य सरकारचा हक्क सांगितला आहे. विकण्यापूर्वी तलाठ्याला विचारावे आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. चांगला नमुना कसा दिसतो हे पाहायचे असेल, तर सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील ‘गारगोटी’ संग्रहालय मुलाबाळांसह पाहून यावे.

आता जीवाश्मांचे. लाव्ह्यात जीव टिकत नाही, पण दोन थरांमधल्या काळात तळी होती, त्यांच्या गाळात ते सापडतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे वर्णन केले. पण आपल्या धंद्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा गावचे शेण. होय, शेणच! डायनासोरचे, दगड झालेले. दिसायला ओबडधोबड गोळे. बाजारात मांडले तर आपण पायाने सरकवू. भाताच्या पातीवरून बोट उलटे फिरवले की ती कापते ना? पातीत सिलिकाचे बारीक कण असतात. गवताचे तसेच कण ह्या गोळ्यांत निघाले. आपल्या देशातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यासह ते २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केले, तेव्हा डायनासोरच्या काळातही गवत होते आणि त्यात भाताचे आप्तही होते, हे जगाला कळले. हे गोळे पिसदुऱ्याच्या कोणत्या थरातले, हे ठाऊक नसते तर त्यांतून काहीच सिद्ध झाले नसते.

म्हणून नांगराच्या फाळाला हाडासारखा, शिंपल्यासारखा किंवा गोळ्यासारखा दगड लागला तर तो दलालाला देऊ नका. गट नंबर, बांधापासूनचे अंतर, किती खोल आणि कोणत्या मातीत, हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी दगडासोबत बांधा, आणि जवळच्या महाविद्यालयातील भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.