रक्त थांबल्यानंतर

पाळी गेल्यावर थेंबभर जरी लाल दिसलं, तरी ते तपासायलाच हवं. पण बऱ्याच जणी माझ्यापुढे सोनोग्राफीचा कागद ठेवतात तो निर्णय घेऊनच. ‘मॅडम, पिशवीला सूज आलीय, काढूनच टाका.’ नांदगाव, येवल्याच्या खेड्यांतून मनमाडला निघतानाच घरात तसं ठरलेलं असतं. गर्भपिशवी काढणं आपल्याकडे किती सर्रास झालंय, ते बीडच्या ऊसतोड बायांमुळे साऱ्या राज्याला कळलं. 2019 मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

रक्त गेलंय आणि पिशवीचं अस्तर 4 मिलिमीटरहून जाड आहे, तर आधी त्याचा तुकडा तपासायचा. बारीक प्लास्टिकची नळी पिशवीत सरकवून आतला दट्ट्या ओढला, की फिकट, बुळबुळीत कण नळीत येतात आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाशी बसतात. पुढचं सगळं त्यांच्यावर ठरतं. पेशींचं रूप बिघडलेलं असेल, तर पिशवी काढणंच शहाणपणाचं. अस्तराची नुसतीच वाढ असेल, तर पुढच्या 20 वर्षांत कर्करोग होण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी असते. तिथे औषधाला वाव आहे.

पाळी गेली तरी शरीरातली चरबी ईस्ट्रोजेन बनवत राहते. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र उरत नाही. तो आवर आम्ही बाहेरून घालतो, रोजच्या गोळीने किंवा हार्मोनच्या तांबीने. मला तांबी बरी वाटते. औषध थेट अस्तराला मिळतं, गोळी विसरायची धास्ती नाही. ‘या वयात तांबी? सुना काय म्हणतील?’ असं कुणी विचारलं, की मी सव्वा इंचाचा तो नमुना त्यांच्या तळहातावर ठेवते. ‘मावशी, हे औषधच आहे, फक्त आत बसवायचं.’

कस लागतो तो यापुढे. रक्त थांबतं आणि बाई यायची थांबते. पण रक्त थांबलं म्हणून अस्तर सुधारलंच असं नसतं. निदान सहा महिने उपचार, मग पुन्हा तुकडा, सहा महिन्यांनी आणखी एकदा. दोन्ही वेळा अहवाल चांगला आला, तरच निश्चिंत व्हायचं. नळाला पाणी यायचं असेल, त्या दिवशी कुणी घर सोडत नाही. म्हणून तारीख मी त्यांनाच ठरवायला सांगते आणि घरातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहून घेते. बाई परत येईल याची सोय न करता नुसती गोळी लिहून देणं, हा अर्धाच उपचार आहे.