सव्विसावा मैल

फटफटी हा शब्द आता मोडीत निघाला आहे. माझ्या वर्गातली मुलं 'बाइक' म्हणतात, आणि मी फटफटी म्हटलं की एकमेकांकडे पाहून हसतात. हसू देत बापडी! त्या एका शब्दात यंत्राचा आवाज आहे, धूर आहे, आणि मागच्या सीटवर पदर सावरून बसलेल्या माणसाची धाकधूकसुद्धा आहे. 'बाइक'मध्ये यातलं काय आहे?

नववीच्या वर्गाला मी दर वर्षी 'मी कोण होणार?' हा निबंध घालतो. विषय जुना, उत्तरंही जुनी. डॉक्टर, कलेक्टर, फौजदार. एखादा धीट मुलगा क्रिकेटपटू. गेल्या वर्षी मात्र एका पोराने लिहिलं की, मी बाइकच्या शर्यतीत धावणार आणि त्यावरच पोट भरणार. खाली आपल्या दैवतांची यादी दिली होती. तीत एक नाव होतं जोई डनलप. डनलप म्हटल्यावर मला टायर आठवला. तो टायरवाला डनलप मूळचा जनावरांचा डॉक्टर. १८८७ साली बेलफास्टमध्ये त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला. हा डनलप निराळा. परंतु मौज अशी की, हाही त्याच मुलखातला, उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमनी नावाच्या लहानशा गावचा. निबंधाला दहापैकी सात गुण देऊन मी वही परत केली, पण ते नाव काही डोक्यातून जाईना. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला ही एक खोडच असते. एखाद्या माणसाची शेंडी हाती लागली की सगळा माणूस ओढून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गोल मैदान येतं. पडलं तर गवतावर किंवा वाळूत पडावं, अशी तिथे सोय असते. जोईची शर्यत तसली नव्हे. ती सरकारी रस्त्यावरची. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. १९०३ साली इंग्रजांनी कायदा केला की, रस्त्यावर मोटारीने ताशी २० मैलांपेक्षा जोरात जायचं नाही. शर्यतीसाठी रस्ते बंद करायलाही तिथे मुभा नव्हती. पण या बेटाला स्वतःची पार्लमेंट आहे. तिने १९०४ मध्ये रस्ते बंद करायला परवानगी दिली आणि शौकिनांची मंडळी होड्या भरभरून तिकडे लोटली. फटफट्यांची 'टूरिस्ट ट्रॉफी' तिथे १९०७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी चार्ली कॉलियर जिंकला तो ताशी ३८ मैलांच्या वेगाने. २०२३ साली पीटर हिकमनने तिथल्या डोंगरी रस्त्याची एक फेरी केली, तिची सरासरी होती ताशी १३६ मैलांच्या वर!

हा डोंगरी रस्ता १९११ पासून शर्यतीला आहे. एक फेरी पावणेअडतीस मैलांची, आणि तेवढ्यात दोनशेहून अधिक वळणं. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, दिव्यांचे खांब, लोकांची घरं. बॅलॉ गावच्या पुलावर तर दोन्ही चाकं जमीन सोडतात. मग स्नेफेल डोंगर चढायचा. खाली ऊन असलं तरी वर धुकं असायचं. सकाळी ज्या रस्त्याने पाववाल्याची गाडी गेली, त्याच रस्त्याने दुपारी हे वीर जातात. सगळे एकदम सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांनी एकेकाला सोडतात. म्हणजे शेजारी कुणी नाही, पुढचा दिसत नाही. माणूस एकटा, आणि त्याचं वैर घड्याळाशी. सगळी वळणं पाठ असावी लागतात. आमच्या मुलांना पंधरा ओळींची कविता पाठ होत नाही, आणि इथे एक ओळ चुकली की समोर भिंत. शंभराहून अधिक वर्षांत शर्यतीत आणि सरावात मिळून या रस्त्याने अडीचशेहून जास्त माणसं घेतली आहेत.

बेटावर एक पऱ्यांचा पूल आहे. तो शर्यतीच्या वाटेवर नाही, पण त्यावरून जाताना पऱ्यांना नमस्कार घातल्याशिवाय शर्यतवाले पुढे जात नाहीत. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाला नाणं टाकणारा ट्रक-ड्रायव्हर मला आठवला. रस्त्याशी रोजचा संबंध असलेली माणसं सगळीकडे सारखीच.

जोईचा जन्म २५ फेब्रुवारी १९५२ चा. बोलायला अत्यंत भिडस्त. पुढे ध्वनिक्षेपक आला की याची पंचाईत! तोंडात सिगारेट, हाताला तेल, केस विस्कटलेले. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, अंगात तांबडा शर्ट आणि शक्यतोवर ३ हा आकडा, एवढे त्याचे शकुन. १९८१ पासून होंडासारखी बलाढ्य कंपनी त्याच्या पाठीशी होती. १९८२ ते १९८६ अशी सलग ५ वर्षं फॉर्म्युला वन टी. टी. चं जगज्जेतेपद त्याच्याकडे होतं. पण राहिला तो बॅलीमनीतच. गावात एक लहानसं मद्यगृह चालवायचा, आणि आपली यंत्रं आपल्याच हातांनी खोलायचा नि जोडायचा. मला त्याच्यातलं हेच अधिक आवडलं. जिंकणारे पुष्कळ असतात. आपल्या हत्याराला दुसऱ्याचा हात लागू न देणारा सुतार माझ्या लहानपणी आमच्या आळीत होता. जोईचे फोटो पाहताना मला तोच दिसत राहिला.

आणि योगायोग तरी कसले! १९८५ साली शर्यतीला जायला हा गडी मच्छीमारांच्या होडीत बसला. स्ट्रँगफर्डच्या खाडीत होडी बुडाली. माणसं वाचली, जोई वाचला, बेटावर पोचला, आणि त्या आठवड्यात तीन शर्यती जिंकला. कादंबरीत मी असं लिहिलं असतं तर संपादकांनी हस्तलिखित साभार परत पाठवलं असतं.

हे सगळं मी रात्री जेवताना घरी रंगवून सांगत होतो. सौ.ने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि ती काय करायची?"

"कोण ती?"

"त्याची बायको."

तिचं नाव लिंडा. पाच मुलं. माझं वय आज सत्तेचाळीस. शाळेतून यायला अर्धा तास उशीर झाला तर आमच्या घरी तीनदा दार उघडून रस्ता पाहिला जातो, आणि माझी स्कूटर तर बैलगाडीलासुद्धा वाट देते! त्या घरातल्या दाराचं काय होत असेल, हा प्रश्न त्या रात्रीपासून मला चिकटला. मग मी जोईच्या विजयांऐवजी त्याच्या घरातल्या तारखा पाहू लागलो.

सुरुवातीला ते चौघे होते. जोई, त्याचा भाऊ जिम, मेहुणा मर्विन रॉबिन्सन आणि दोस्त फ्रँक केनेडी. लोक त्यांना 'आर्मॉयचं आरमार' म्हणत. आर्मॉय हे बॅलीमनीजवळचं गाव. १९७९ मध्ये 'नॉर्थ वेस्ट २००' या शर्यतीतल्या अपघाताने फ्रँक गेला. पुढच्याच वर्षी, १९८० च्या मे महिन्यात, त्याच शर्यतीत मर्विन गेला. जोईची बहीण विधवा झाली. आणि जूनमध्ये जोई आयल ऑफ मॅनला गेला आणि जिंकून आला.

याला काय म्हणायचं? निष्ठुरपणा म्हणायला माझी जीभ धजत नाही. शौर्य म्हणायलाही नाही. दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. इटलीच्या जाकोमो अगोस्तिनीचंच पाहा ना! १५ जागतिक अजिंक्यपदं मिळवलेला माणूस, या बेटावर दहा वेळा जिंकलेला. १९७२ च्या जूनमध्ये त्याचा मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती डोंगरावर, पावसात, सव्वाशे सी. सी. च्या शर्यतीत मेला. अगोस्तिनी त्याच दिवशी सीनियर शर्यत धावला, जिंकला, आणि पुन्हा त्या बेटाच्या शर्यतीत कधी उतरला नाही. त्याच्यामागून इतर नामांकितांनीही पाठ फिरवली. १९७६ नंतर या शर्यतीचा जागतिक अजिंक्यपदातला दर्जाच गेला. शहाण्यांनी रिकामी केलेली ती जागा, आणि १९७७ साली तिथे पहिल्यांदा जिंकला तो पंचवीस वर्षांचा जोई.

अगोस्तिनी शहाणा ठरला यात शंका नाही. पण आमची आळी सोडून शहरात गेलेले आणि भलं झालेले लोक मी पाहिले आहेत, आणि न गेलेलेही पाहिले आहेत. न गेलेल्यांना शहाणपण कमी होतं, असं मला वाटत नाही. त्यांचे हात तिथल्याच मातीला लागलेले होते. जोईला मैदानावरच्या शर्यतींत फारशी गोडी नव्हती. १९८९ मध्ये गुड फ्रायडेच्या दिवशी त्याला सगळ्यात मोठा अपघात झाला तोही इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या बंदिस्त मैदानावरच. पाय मोडला, मनगट मोडलं. लोक म्हणाले, संपला. माइक हेलवूडचा या बेटावरच्या १४ विजयांचा विक्रम जोईने १९९२ मध्ये गाठला आणि १९९३ मध्ये ओलांडला. १९९८ साली टँड्रागीच्या शर्यतीत पडून एका बोटाचा तुकडा गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हा पावसात अडीचशे सी. सी. ची शर्यत जिंकून मोकळा!

एक गोष्ट मात्र सौ.लाही आवडली. शर्यतींचा मोसम संपला की हा माणूस आपल्या व्हॅनमध्ये अन्न, कपडे, औषधं भरायचा आणि एकटा गाडी हाकत रुमानियातल्या अनाथाश्रमांकडे निघायचा. बोस्नियातही गेला. १९९६ साली इंग्लंडच्या राणीने त्याला किताब दिला तो या कामासाठी. याने त्याचा गाजावाजा केला नाही. माणसाला बोलायचाच कंटाळा!

आता २००० साल. जोई ४८ वर्षांचा. बरोबरीची पोरं त्याच्या मुलांच्या वयाची. जूनमध्ये बेटावर त्याने एका आठवड्यात पुन्हा तीन शर्यती मारल्या, आणि एकूण विजय झाले २६. शेवटच्या सीनियर शर्यतीत तिसरा आला, पण त्या शर्यतीत आयुष्यातली सर्वांत वेगवान फेरी केली, सरासरी ताशी १२३ मैलांच्या वर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! मला या वयात फळ्यावरच्या अक्षरासाठी चष्मा लागतो.

इथे कुणीही थांबला असता. जोईने व्हॅन काढली आणि एस्टोनियाला गेला. टॅलिन शहराबाहेर झाडीतून जाणारा रस्ता. दोन शर्यती जिंकला. २ जुलैला सव्वाशे सी. सी. ची तिसरी होती. पाऊस पडत होता. तो पुढे होता. ओल्या रस्त्यावर चाक निसटलं आणि तो झाडावर गेला.

बॅलीमनीजवळच्या गॅरीडफच्या देवळात अंत्यविधी झाला. सुमारे पन्नास हजार लोक जमले. ज्या मुलखात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांनी तीस वर्षं एकमेकांची प्रेतं मोजली, तिथे दोन्हीकडची माणसं एका रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, बेटावर शर्यत झालीच नाही. कारण काय? शोक नव्हे. इंग्लंडात जनावरांना लाळ्या-खुरकुताची साथ आली होती!

२००३ साली त्या रस्त्यावरच्या सव्विसाव्या मैलाला त्याचं नाव दिलं. जितके विजय, तितकावा मैल.

इथवर आलो आणि वाटलं, आता घरातल्या तारखा संपल्या. पण जोईचा धाकटा भाऊ रॉबर्ट होता. १९९४ मध्ये बेटावर पडून त्याचा उजवा हात अधू झाला. मग त्याने पुढचा ब्रेक डाव्या बाजूला आणून अंगठ्याने दाबायची युक्ती केली आणि धावत राहिला. १५ मे २००८ रोजी नॉर्थ वेस्टच्या सरावात तो गेला. दोनच दिवसांनी, बापाची माती व्हायच्या आधी, त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा मायकेल त्याच शर्यतीच्या रांगेत उभा राहिला. आयोजक नको म्हणत होते. तो धावला आणि जिंकला. रॉबर्टचा दुसरा मुलगा विल्यम २०१८ च्या जुलैमध्ये डब्लिनजवळच्या स्केरीजला गेला. मायकेल अजून धावत राहिला, आणि २०२४ च्या जूनमध्ये त्याने बेटावर सत्ताविसावा विजय मिळवून चुलत्याला मागे टाकलं.

हे मी सौ.ला सांगितलं तेव्हा ती करंज्यांच्या कडा मुरडत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "त्याच्या घरी कोण कोण असतं?"