तेरा अंडी, चार पिल्ले

१९८६ च्या वैशाखातली गोष्ट. आमचे घर गावाबाहेर मळ्यात, एकटेच. धाकट्या दिराचे लग्न माघात झालेले, त्यामुळे धाकटी जाऊ घरात नवी होती. तांबडी कोंबडी खुडूक झाली तशी सासूबाईंनी पाटीत भुसकट पसरले, तेरा अंडी मांडली, विजेच्या कडकडाटाने ती बाधू नयेत म्हणून एक खिळा व कोळसा टाकला आणि तांबडीला वर बसवले.

एकविसाव्या दिवशी चार पिल्ले निघाली. आणखी दोन दिवस वाट पाहिली. मग तांबडीच चार पिल्ले घेऊन उठली. पाटीत आठ अंडी थंड पडून होती. एक मुंगसाने नेले असे सर्वांनी धरले.

आमची मीठमिरची आणि पोरांच्या वह्या कोंबड्यांवर निघत, तेव्हा सासूबाई चिडणार हे ठरलेलेच. पण राग निघाला धाकटीवर. "कावळा शिवलेला असताना तिनं पाटी सरकवली. नासतील न्हाई तर काय?" त्या रात्री धाकटी न जेवता झोपली. खुराड्याकडे जायचेही तिने सोडले.

मी मात्र गप्प होते. कारण ते तेरावे अंडे मुंगसाने नेलेले नव्हते. एकविसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला भोक पडले होते, आत पिल्लू चिवचिवत होते. मला कीव आली. मी नखाने टरफल सोलले. रक्त आले आणि घटकाभरात पिल्लू मेले. कुणाला न सांगता मी ते उकिरड्यात पुरले होते.

चार दिवसांनी जनावरांचे डॉक्टर म्हशीला लस टोचायला आले. मी धीर करून विचारले. ते म्हणाले, "आणा ती अंडी, फोडूनच बघू." गोठ्यामागे एका कौलावर त्यांनी एकेक अंडे फोडले. सासूबाई पदर नाकाला लावून उभ्या होत्या.

पाच अंड्यांत नुसते पांढरे-पिवळे, जीव धरल्याची खूणच नाही. डॉक्टरांनी विचारले, "आजी, कोंबडा कुठाय?"

"चैत्राच्या जत्रेत कापला, पावण्यांसाठी."

कोंबडा गेल्यावर साधारण दहा-बारा दिवस कोंबडीची अंडी फळतात, पुढची बहुतेक वांझ. आम्ही अंडी जमवायला घेतली तीच जत्रेनंतर. शेवटची पाच तिथेच फुकट गेली.

दोन अंड्यांत रक्ताचे काळसर कडे होते. ती आधी जमवलेली असणार. पंधरा दिवस चुलीमागच्या फळीवर मडक्यात होती. तिथल्या उबेने जीव अर्धवट जागा होतो, पण पुरती ऊब मिळत नाही, म्हणून तो लवकरच मरतो. आठव्यात पिल्लू पुरे भरलेले, पण डोके निमुळत्या टोकाकडे. हवेची पोकळी असते रुंद टोकाला. चोच तिथवर पोचली नाही.

"यात हाताचा विटाळ कुठं दिसतो का, आजी?" डॉक्टर सहज म्हणाले. मग मला राहवेना. तेराव्याचे सांगून टाकले. ते म्हणाले, "वहिनी, भोक पाडल्यावरही बाहेर यायला पिल्लाला दिवसभर लागू शकतो. तोवर आतले रक्त आणि बलक त्याच्या अंगात मुरत असतो. सोलायचे नाही."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. माफी मागायची रीत आमच्या घरात थोरांना नव्हती. पण संध्याकाळी त्यांनी धाकटीला हाक मारून पिल्लांना कण्या टाकायला सांगितल्या.

पुढच्या बाजारी कोंबडा आणला. थंडी पडल्यावर काळी खुडूक झाली, तेव्हा धाकटीने आठवड्याच्या आतलीच अंडी निवडली. प्रत्येकावर कोळशाने दिवसाची खूण होती. ती रांजणाजवळच्या गारव्यात, निमुळते टोक खाली करून ठेवलेली. धुतलेले एकही घेतले नाही, कारण धुण्याने टरफलावरचा राखणारा थर जातो. सातव्या रात्री आम्ही दोघींनी अंधारात बॅटरीच्या उजेडावर एकेक अंडे धरले. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या की धाकटी माझा दंड दाबी. एक नितळ निघाले, ते काढून ठेवले.

बारांतली दहा पिल्ले निघाली. शेवटचे तीन दिवस मी पाटीकडे फिरकलेच नाही. पाटीत खिळा आणि कोळसा होताच. सासूबाईंनी टाकला होता आणि आम्ही तो काढला नाही.